सुवेळा माचीचा फोटो कुठून कापायचा?

प्रश्न : राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून, सूर्य वर आल्यावर सुवेळा माचीचा फोटो काढला. क्षितिज बरोबर मधोमध आलंय, आकाश पांढरंफटक आणि माची काळी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. १२ × १८ इंची प्रिंटसाठी क्रॉप कसा करू?

उत्तर : वरून कापा, आणि बिनधास्त कापा. तुमच्या आकाशात ढगाचा पुंजकाही नाही. बघण्यासारखं सगळं खाली आहे : तटबंदीची वळणं, दरीत साचलेलं धुकं. मात्र माचीचं टोक चौकटीच्या कडेला चिकटू देऊ नका, टोकापुढे थोडी मोकळी दरी हवीच.

आधी क्षितिज सरळ करा. नुसतं २ अंश फिरवलं तरी लांबी-रुंदीत सुमारे ५ टक्के जातात. ते सरळच आहे असं धरून हिशेब सांगतो. मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. वरून १५०० काढले की ६००० × २५०० उरतो आणि आकाश पाचवा हिस्सा राहतं. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) याची २० × ८ इंची प्रिंट सुरेख येईल. १२ × १८ साठी मात्र ३:२ प्रमाण लागतं, म्हणजे रुंदीतले आणखी २२५० पिक्सेल जाणार. उरलेल्या ३७५० × २५०० मध्ये जेमतेम २०८ डीपीआय मिळतात. भिंतीवर तेवढे चालतात, पण माचीची लांबीच हरवते, आणि या फोटोत तीच तर खरी गंमत आहे. फ्रेम आडवी, लांबट करून घ्या.

पांढरं पडलेलं आकाश जेपेगमधून परत येत नाही, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर थोडंफार येतं. सुवेळा पूर्वेला असल्याने सूर्य वर आला की कॅमेऱ्याच्या तोंडावर येतो. पुढच्या वेळी सूर्योदयाच्या २० मिनिटं आधीच ट्रायपॉड लावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आणि एक्स्पोजर उणे २, ०, अधिक २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) असे तीन फोटो घेऊन नंतर जोडा. ऊन पसरल्यावर पाठ फिरवून संजीवनी माची आणि मागचा तोरणा टिपा. प्रकाश तेव्हा थेट त्यांच्यावर पडलेला असतो.

प्रश्न : पहाटेचा तांबूस रंग मोबाइलमध्ये फिकट का येतो?

उत्तर : ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक आपोआप काढणारी सोय) तो तांबूसपणा दोष समजून पुसतो. प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायच्या मोडमध्ये) जाऊन व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर कायम ठेवा.