ग्रीन स्क्रीन वापरूनही केसांभोवती हिरवी कड राहते आणि माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

तुम्ही खोलीत हिरवा पडदा (ग्रीन स्क्रीन) लावून मोबाइलवर व्हिडिओ करता आणि नंतर तो हिरवा रंग काढून मागे दुसरं चित्र लावता. केसांभोवती हिरवी कड राहते, पडद्याचे काही पट्टे निघतच नाहीत, आणि जे निघतं तेही मागच्या चित्रावर चिकटवल्यासारखं दिसतं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं विचारलं आहे. माझं उत्तर: घेऊ नका. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ जवळजवळ नेहमी उजेडात आणि अंतरात असतं. तिसरीचं मूळ मागचं चित्र शूटिंगनंतर निवडण्यात असतं.

आधी सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते पाहू, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप समजेल. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255 मधले. हिरवा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच वर असला तर तो पिक्सेल पडद्याचा मानून पारदर्शक केला जातो. म्हणजे खरा खेळ त्या फरकाचा आहे. पडद्यावर लाल 60, हिरवा 160, निळा 70 असे आकडे आले तर फरक 90 चा पडतो आणि काम सोपं होतं. पडद्यावर फार उजेड टाकला की आकडे 190, 250, 190 असे होतात. पडदा झगझगीत दिसतो, पण फरक 60 वर येतो. कोपऱ्यात अंधार असेल तर 30, 60, 30. तिथे फरक फक्त 30 चा, वर अंधारात चित्रात येणारे दाणे (नॉइज), म्हणून तो पट्टा निघत नाही. तो घालवायला तुम्ही सॉफ्टवेअरमधला हिरवं काढण्याचा स्लायडर वाढवता, आणि त्या नादात केसही खाल्ले जातात.

म्हणून पहिली चाचणी ही करा: रिकाम्या पडद्याचा एक फोटो काढा आणि कोणत्याही फोटो अ‍ॅपमधल्या कलर पिकरने चार कोपरे आणि मध्य, असे पाच ठिकाणचे आकडे बघा. हिरवा 140 ते 180 च्या आसपास आणि पाचही ठिकाणी साधारण सारखा असायला हवा. पिकर नसेल तर तोच फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. डोळ्याला एकसारखा वाटणारा पडदा किती डागाळलेला आहे ते लगेच उघडं पडतं.

आता अंतर. माझ्या मते घरच्या सेटअपमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. माणूस पडद्यापासून निदान दीड मीटर पुढे हवा, दोन मीटर असेल तर उत्तम. पडद्यावर पडलेला उजेड हिरवा होऊन परततो आणि मान, खांदे, कान, केसांच्या कडा यांवर बसतो. यालाच स्पिल म्हणतात. अंतर वाढलं की तो झपाट्याने कमी होतो. शिवाय माणसाची सावली पडद्यावर न पडता खाली जमिनीवर जाते. खोली लहान असेल तर सेटअप भिंतीला समांतर न ठेवता कर्णरेषेत लावा, तेवढ्यानेही बरंच अंतर मिळतं.

पडदा मोठाच हवा असंही नाही. माणसाच्या आणि हलणाऱ्या हातांच्या बाह्यरेषेमागे हिरवं असलं की पुरे, बाकीचा भाग मास्कने कापून टाकता येतो. उलट फ्रेमबाहेरचा जास्तीचा हिरवा कपडा नुसता स्पिल पाठवत राहतो. तो गुंडाळा किंवा काळ्या कापडाने झाका. पाय दिसणार नसतील तर जमिनीवर हिरवं अंथरू नका. आणि उभा माणूस पूर्ण दाखवायचा असेल, तर अंतिम व्हिडिओ आडवा असला तरी मोबाइल उभा धरून शूट करा. मागचं चित्र नंतरच येणार आहे, त्यामुळे आडव्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे पिक्सेल वाया घालवण्यात अर्थ नाही. अरुंद पडदाही मग पुरतो.

उजेडाची विभागणी हा सगळ्या कामाचा कणा आहे. पडद्याचे लाईट वेगळे, माणसाचे वेगळे. दोन्ही कामं एकाच दिव्यावर टाकली की एक सुधारताना दुसरं बिघडतं. पडद्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक, सारख्या जातीचा आणि सारख्या ताकदीचा लाईट, साधारण 45 अंशात. तो पडद्याला खेटून ठेवू नका. जवळच्या कडेपासून अर्धा मीटर आणि दूरच्या कडेपासून दोन मीटर असेल, तर दोन कडांच्या उजेडात 16 पट फरक पडतो, कारण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. तोच लाईट मागे नेऊन ही अंतरं दीड आणि अडीच मीटर केली की फरक तीन पटीच्या आत येतो, आणि समोरचा लाईट तो भरून काढतो. डाव्या लाईटचा रोख पडद्याच्या उजव्या अर्ध्यावर आणि उजव्याचा डाव्या अर्ध्यावर ठेवला तर मधला चकाकणारा पट्टाही जातो. प्रत्येक लाईटसमोर पांढरं पातळ कापड किंवा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) हवाच. कापड बल्बला टेकू देऊ नका. चेहऱ्यापेक्षा पडदा अर्धा ते एक स्टॉप कमी उजळ असावा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड दाखवणारा आलेख) बघायची सोय असेल तर पडद्याची रेघ 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान, बारीक आणि सपाट दिसली पाहिजे.

माणसाला मुख्य लाईट समोरून थोडा बाजूने, आणि मागून वरच्या बाजूने एक छोटा पांढरा लाईट केसांवर आणि खांद्यांवर. हा मागचा लाईट कडेवर बसलेल्या हिरव्यावर मात करतो. काही जण त्यावर गुलाबी जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावायला सांगतात. मी सांगणार नाही, कारण हिरवं जातं पण केसांवर गुलाबी डाग उरतात आणि ते काढणं जास्त कठीण. खिडकीचा उजेडही बंद करा. ढग सरकले की पडद्याचे आकडे बदलतात, आणि पहिल्या मिनिटाला जमवलेली सेटिंग पाचव्या मिनिटाला चालत नाही.

कापड बिनचमकीचं घ्या. चकाकणाऱ्या सॅटिनसारख्या कापडावर दिव्याचा पांढरा ठिपका पडतो, आणि पांढऱ्यात हिरवेपणा उरत नाही. प्रत्येक सुरकुतीला एक उजळ आणि एक काळी बाजू असते, म्हणून मागून वाफेची इस्त्री फिरवा, वरून चिमटे लावा आणि खालच्या शिवणीत एखादा पाइप घालून ताण द्या. थोडं ताणणारं कापड असेल तर चारी बाजूंनी खेचून बांधता येतं, ते सगळ्यात सोयीचं. कापड पातळ असेल तर मागे दुसरं गडद कापड टांगा, नाहीतर भिंतीवरची चौकट आरपार दिसते. भिंतच रंगवणार असाल तर रंग मॅट घ्या.

निळा पडदा घ्यावा का? कपडे किंवा वस्तू हिरव्या असतील तर जरूर. एरवी हिरवाच बरा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे बिंदू लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्या रंगात दाणे कमी आणि बारकावे जास्त मिळतात. निळ्याला उजेडही जास्त लागतो.

आता मोबाइल. मागचा कॅमेरा, ट्रायपॉड, आणि एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. ऑटोवर ठेवलं की हात वर केल्याबरोबर कॅमेरा उजेड बदलतो आणि पडद्याचा हिरवा सरकतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) जमेल तितका खाली. शटरचा वेग (सेकंदात) वीजपुरवठ्याच्या वारंवारतेशी जुळवा: 50 हर्ट्झ असेल तिथे 1/50 किंवा 1/100, 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 किंवा 1/120, नाहीतर दिवे लुकलुकतात. हातवारे जास्त असतील तर यातला वेगवान पर्याय घ्या. संथ शटरवर हलणारी बोटं पुसट होतात आणि त्या पुसटपणात त्वचा आणि पडदा मिसळलेले असतात. एचडीआर, ब्यूटी फिल्टर, पार्श्वभूमी धूसर करणारा मोड हे सगळं बंद. कडेला तीक्ष्ण करणारं प्रोसेसिंगही कमी करता आलं तर करा, ते केसांभोवती रेघ ओढतं.

आणि शूट 4के मध्ये करा, अंतिम व्हिडिओ 1080 चा असला तरीही. मोबाइल साधारणपणे 4:2:0 पद्धतीने रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रत्येक चार पिक्सेलच्या चौकोनाला रंगाचा एकच नमुना मिळतो. 1080 च्या फ्रेममध्ये उजेडाची माहिती 1920 गुणिले 1080 असते, पण रंगाची फक्त 960 गुणिले 540. ‘की’, म्हणजे हिरवं ओळखून काढण्याची क्रिया, रंगावर चालते, त्यामुळे कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. 4के फ्रेममध्ये रंगाची माहिती 1920 गुणिले 1080 असते, म्हणजे 1080 वर उतरवल्यावर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. एवढा फायदा दुसऱ्या कोणत्याही फुकट उपायाने मिळत नाही.

कपड्यांबाबत थोडक्यात: हिरवट, पोपटी, मोरपंखी नको, पारदर्शक ओढणी, चकचकीत दागिने, काचेची बाटली नको. समोर गुळगुळीत टेबल किंवा खुर्चीचे स्टीलचे हात असतील तर त्यांत पडदा प्रतिबिंबित होतो आणि एडिटमध्ये तिथे भोक पडतं. काळं मॅट कापड टाका.

एडिटमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी माणसाभोवती सैलसा मास्क काढून बाकीचं कापा. मग केसांच्या जवळचा हिरवा रंग पिकरने उचला; कोपऱ्यातला नको, कारण अचूकता केसांपाशी हवी आहे. मग लगेच मॅट व्ह्यूवर जा, जिथे माणूस पांढरा आणि पडदा काळा दिसतो. पडद्यात राखाडी ठिपके असतील तर ब्लॅक क्लिप (गडद राखाडीला पूर्ण काळं करणारं सेटिंग) हळूहळू वाढवा, अंगात राखाडी भोकं असतील तर व्हाइट क्लिप (फिक्या राखाडीला पूर्ण पांढरं करणारं) खाली आणा. केसांच्या कडेची राखाडी छटा मात्र राहू द्या. ती घालवली की केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. अंगाला कडक आणि केसांना मऊ ‘की’ लागत असेल तर क्लिपची प्रत काढून डोकं एका थरात आणि धड दुसऱ्यात ठेवा.

उरलेली हिरवी कड ‘की’ वाढवून काढायची नसते, तिला डीस्पिल (स्पिलचा हिरवेपणा कमी करणारं सेटिंग) लागतं. केसांच्या कडेचा एक पिक्सेल घ्या: लाल 70, हिरवा 95, निळा 60. डीस्पिल हिरव्याला लालपर्यंत, म्हणजे 70 वर आणतं, आणि तोच पिक्सेल साधा गडद केस दिसायला लागतो. पिक्सेल कापला गेला नाही, फक्त रंग बदलला. फार ताणलं तर त्वचा गुलाबी पडते, तिथे थांबा. कडा आत घ्यायची असेल तर एक पिक्सेलपेक्षा जास्त घेऊ नका.

यासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट पुरेसं आहे. थेट प्रक्षेपणाला ओबीएस. त्याच्या क्रोमा की फिल्टरमध्ये सिमिलॅरिटी (निवडलेल्या हिरव्याच्या किती जवळचे रंग काढायचे) 400, स्मूदनेस (कडेचा मऊपणा) 80 आणि स्पिल रिडक्शन 100 हे मूळ आकडे असतात. सिमिलॅरिटी अगदी खाली नेऊन पडदा जेमतेम जाईपर्यंतच वाढवा. मागे तात्पुरता भडक गुलाबी रंग ठेवला की उरलेले डाग लपत नाहीत.

चिकटवल्यासारखं दिसण्याचा प्रश्न राहिला. मागचं चित्र शूटिंगआधी निवडा. त्यात उजेड डावीकडून येत असेल तर तुमचा मुख्य लाईटही डावीकडे हवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल तर चित्रातलं क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. ते छातीपाशी आलं की काहीतरी चुकतंय हे कुणालाही जाणवतं. चित्र थोडं धूसर करा. त्यातला सगळ्यात काळा भाग आणि तुमच्या केसांतला सगळ्यात काळा भाग शेजारी ठेवून जुळवा. बहुतेकदा माणूस जास्त कॉन्ट्रास्टचा निघतो. शेवटी दोन्ही थरांवर मिळून एकच कलर करेक्शन आणि किंचित ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) द्या.

आणि प्रत्येक वेळी, माणूस फ्रेममध्ये यायच्या आधी, सगळं लॉक केल्यावर रिकाम्या पडद्याचे पाच सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. काही कीअर (‘की’ करणारी साधनं) ही रिकामी फ्रेम वापरून पडद्यावरचा असमान उजेड वजा करू शकतात. रिझॉल्व्हच्या फ्यूजन या विभागातला डेल्टा कीअर त्यापैकी एक.