फेरफारासाठी पैसे मागितले, तर?

प्रश्न : निफाड तालुक्यात वडिलांच्या नावावर दीड एकर द्राक्षबाग आहे. ते गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज करून दोन महिने झाले. आता कार्यालयाबाहेर बसणारा एक जण म्हणतो, 'साहेबांचे पाच हजार दिल्याशिवाय नोंद मंजूर होणार नाही.' फोनवर रेकॉर्डिंग करू का? तक्रार केली तर काम कायमचे अडेल का?

उत्तर : पैसे देऊ नका आणि स्वतःहून घासाघीसही सुरू करू नका. आधी 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, स्थिती पाहा. नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणी भाऊबंदाने हरकत घेतली असेल तर उशिराला कारण आहे. हरकत नसताना मुदत उलटून गेली असेल, तर फेरफार क्रमांक आणि तारखा लिहून ठेवा. तक्रारीत त्या लागतील.

तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करा, टोल फ्री क्रमांक 1064. मागणारा खासगी इसम असला तरी बिघडत नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातले कलम 7अ त्याच्यासाठीच आहे.

लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते : व्हॉइस रेकॉर्डर देऊन पंचासह तुम्हाला पाठवतात. प्रकरण बनते किंवा बिघडते ते इथेच. तक्रारदार घाईघाईने 'पाच हजार आणलेत, घ्या' म्हणतो, समोरचा नुसता हुंकार देतो, आणि मागणी त्याच्या तोंडून येतच नाही. मागणी सिद्ध झाली नाही, तर नुसत्या नोटा सापडल्याने शिक्षा होत नाही. तुम्ही फक्त 'माझ्या नोंदीचं काय झालं?' एवढे विचारा आणि त्याला बोलू द्या.

सापळ्यातल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात आणि नोटांना भुकटी लावतात, बहुधा अँथ्रासीनची. अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकते. म्हणून त्या दिवशी मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही आणि आरोपीशी हस्तांदोलन तर अजिबात नाही. भुकटी तुमच्या हातून त्याच्या हाताला लागली, की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

स्वतःच्या फोनवर रेकॉर्डिंग जरूर करा, पण मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या प्रतीवर न्यायालयात हजार शंका निघतात. गावात कुणाकडेही, अगदी पाहुण्यारावळ्यांतही, बोलू नका. बातमी फुटली की 'साहेब' रजेवर जातात.

दबावाखाली आधीच पैसे दिले असतील, तर 7 दिवसांच्या आत कळवा. तेवढ्यात कळवले तर लाच दिल्याचा गुन्हा तुमच्यावर येत नाही. कामाची भीती मात्र बाळगू नका. नोंद हा तुमचा हक्क आहे, तक्रारीमुळे तो जात नाही. अडवणूक झालीच तर विभागाला लेखी कळवा. आरोपी 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर नियमानुसार तो निलंबित मानला जातो आणि तुमची फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते.

प्रश्न : नाशिक शहरात सेतू केंद्रातून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. कुणी पैसे मागितले नाहीत, पण दाखलाही नाही. महिना झाला.

उत्तर : हे लाचेचे प्रकरण नाही, दिरंगाईचे आहे. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली या दाखल्याची मुदत 15 दिवस आहे. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील करा, पावतीवरचा अर्ज क्रमांक घालून. म्हणजे तुमच्या हाती आता जेमतेम पंधरवडा उरला आहे. तहसीलदारांच्या दाखल्यासाठी हे अपील प्रांताधिकाऱ्यांकडे जाते. सबळ कारणाशिवाय कसूर झाल्याचे ठरल्यास संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होतो, तोही त्याच्या पगारातून. तोंडी चौकशीच्या खेपा घालत बसाल, तर अपिलाची मुदतही निघून जाईल.