स्वीकार म्हणजे ट्रीटमेंट सोडून द्यायची का?

"मावशी, मी 28 वर्षांची, सांगलीची. चार वर्षांपूर्वी बोटावर पांढरा डाग आला, आता दोन्ही हातांवर आणि ओठाच्या कडेला आहे. डॉक्टर म्हणाले कोड. आठ महिने डागांवर लाइट, म्हणजे अतिनील किरणांची ट्रीटमेंट घेतेय, बोटांवर काहीच फरक नाही. आई फुल बाह्या घालायला लावते, बघायला कोणी येणार असलं की मेकअप लावून झाकते. बसमध्ये दांडा धरायच्या आधी मी हाताला ओढणी गुंडाळते. मैत्रीण म्हणते स्वीकार कर. म्हणजे ट्रीटमेंट बंद करू? की डाग आवडून घेऊ? मला ते नाही आवडत."

बाळा, नाही आवडत तर नको आवडून घेऊस, तशी सक्ती कोणी केलीये तुझ्यावर?

तुझं ते ओढणीचं वाचलं आणि मला माझी आत्याच दिसली. तिलाही कोड होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पदर पार मनगटापर्यंत ओढून वाण घ्यायची, आणि बायका तिच्या हातचा तिळगूळ घ्यायच्या खऱ्या पण तोंडात टाकायच्या नाहीत, रुमालात बांधून ठेवायच्या. मी हे डोळ्यांनी बघितलंय, आत्यानेही बघितलं असणारच, आणि मी तेव्हा काही बोलले नाही याचं मला अजून वाईट वाटतं. तिला कोणी साधं एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं की हे स्पर्शाने पसरत नाही, महारोगाशी याचा काही संबंध नाही, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, बास. जगात साधारण शंभरात एकाला होतं हे.

ट्रीटमेंट अजिबात बंद करू नकोस. लाइट आठवड्यातून दोन-तीनदा, तेही महिनोनमहिने घ्यावा लागतो, चेहऱ्यावर रंग त्यातल्या त्यात बरा परत येतो पण बोटांची टोकं आणि ओठ फार चिवट असतात, त्यामुळे बोटांवर फरक नाही यात तुझं काही चुकलेलं नाही गं. आणि थायरॉइडची टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना विचार, कोडाबरोबर तो त्रास बऱ्याच जणांना असतो.

मला स्वीकार म्हणजे एवढंच वाटतं की डाग जातील तेव्हा जातील, तोवरचे दिवस तू असे वाट बघत बाजूला ठेवायचे नाहीत. दांडा धरायचा तर सरळ धर.

आता आई. तिच्यावर चिडू नकोस, तिची भीती खोटी नाहीये, तिने लोक बघितलेत. रात्री तिच्या शेजारी बसून विचार, आई तुला नेमकी कसली भीती वाटते? आणि ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐक. पण मेकअप लावून स्थळासमोर बसायला ठाम नाही म्हण. पहिल्या फोनवरच सांगून टाका, जे नाही म्हणणार आहेत ते तेव्हाच म्हणू देत, लग्नानंतर "आम्हाला फसवलं" हे ऐकणं फार वाईट, आणि ते आईला जास्त लागेल.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन सुरू केलीये, त्यांना स्वतःला कोड आहे. तिथे कोड असलेली माणसं एकमेकांना भेटतात, वधूवर मेळावेही होतात. आईला घेऊन एकदा जाऊन ये. तिने आजवर कोड असलेली आणि संसार करणारी बाई समोर बसून बघितलीच नसेल, माझ्या आजीनेही बघितली नव्हती.

येत्या रविवारी भाजी आणायला जाताना हाफ बाह्यांचा कुर्ता घाल, डागांना ऊन पटकन भाजतं म्हणून सनस्क्रीन मात्र विसरू नकोस. आई काय म्हणाली ते मला लिही.

तुझी,
मावशी