'अ कापेला'मधला 'अ' नकाराचा का?

प्रश्न असा आहे: 'अ कापेला' म्हणजे वाद्यांशिवाय गाणं. मग 'अशक्य', 'अपूर्ण' यांतला 'अ' आणि 'कापेला' म्हणजे वाद्य, अशी फोड करता येईल का?

फोड झकास आहे, पण चुकीची. हा 'अ' आपला नाहीच, इटालियन आहे, आणि त्याचा अर्थ '-च्या रीतीने'. कापेला म्हणजे चॅपेल, प्रार्थनामंदिर. म्हणजे 'चॅपेलच्या थाटाचं'. वाद्य आहे की नाही, याबद्दल शब्द अवाक्षर काढत नाही.

कापेलाचं मूळ आणखी गमतीचं. लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणजे डगला, त्याचं लघुरूप 'कापेल्ला'. चौथ्या शतकातल्या सेंट मार्टिनने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला डगला अर्धा कापून दिला, अशी आख्यायिका आहे. पुढे फ्रँक लोकांच्या राजांनी तो डगला पवित्र म्हणून जपला. डगल्याचं नाव तो ठेवायच्या जागेला पडलं आणि जागेचं नाव तिथे गाणाऱ्या मंडळींना. आपल्याकडे 'फड' म्हणजे जागाही आणि तमाशाची मंडळीही, तसंच. (गोव्यातलं 'कोपेल' याच कुळातलं, पोर्तुगीजांमार्फत आलेलं.)

सोळाव्या शतकात 'कापेला' म्हणजे मुख्यतः ही मंडळी. इटालियन संगीतकार पालेस्त्रिना १५५१मध्ये रोमच्या सेंट पीटर्स चर्चमधल्या 'कापेला जुलिया'चा प्रमुख झाला. १५५५मध्ये त्याला पोपच्या खास गायकवृंदात घेतलं आणि त्याच वर्षी काढलंही, कारण काय तर तो विवाहित होता! हा वृंद सिस्टाइन चॅपेलमध्ये ऑर्गनशिवाय गाई. पण तो तिथला रिवाज, सगळ्या युरोपाचा नव्हे. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये संगीतकार जोव्हान्नी गाब्रिएली गायकांच्या जोडीला कॉर्नेट आणि ट्राँबोन ही फुंकवाद्यं सर्रास वापरत होता.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा इटालियन संगीतकार माँतेव्हेर्दीचा. त्याने १६१०मध्ये सहा आवाजांचा एक 'मास' (ख्रिस्ती उपासनाविधीसाठीची संगीतरचना) छापला, त्याच्या नावातच 'दा कापेला' आहे, आणि तरी सोबत ऑर्गनसाठी खर्जाच्या सुरावटीची स्वतंत्र वही दिलेली आहे. नवी, एकल गायनाची रीत तेव्हा जोरात होती. तिच्यापुढे 'कापेला' म्हणजे जुन्या वळणाचं, एकमेकांत गुंफलेल्या अनेक आवाजांचं संगीत.

'वाद्यांविना' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. पालेस्त्रिनाच्या भक्तांनी सिस्टाइनचा रिवाज म्हणजेच त्या काळाचा नियम, असं धरलं. आज तोच अर्थ रूढ आहे, त्यामुळे बिनवाद्यांच्या गाण्याला अ कापेला म्हणण्यात काही चूक नाही. फक्त 'अकापेला' असं जोडून लिहू नका. त्याहून बरं, 'आ कापेला' लिहा. उच्चारही मूळच्या जवळ जातो आणि कुणी त्यात नञ् समास शोधत बसणार नाही.