लाइन सोडून जाणाऱ्यांचं रजिस्टर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर घाईत होतास आणि मीही "बघू रे" म्हणून ठेवून दिला. पण ते रजिस्टर काही डोक्यातून जाईना. लाइन सोडून कोण किती वेळा बाथरूमला जातं, किती मिनिटांनी परत येतं, ते लिहून ठेवायचं. नोकरीला लागून तीन आठवडे झालेत, साहेबांना नाही कसं म्हणू, असं विचारलंस. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं टाइमऑफिसात काढली, तिथे रजिस्टर नव्हतं, बिल्ला होता. पितळी, भोकातून सुतळी ओवलेला. पॅकिंगला चाळीसेक बायका आणि बिल्ले दोन. ते सुपरवायझरच्या टेबलावर असायचे. जायचं तर उठून त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत विचारायचं, "भाई, जाउं?" तो कधी मान हलवायचा, कधी हातातला कागद वाचत राहायचा. उभी राहिलेली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. माझ्या खिडकीतून हे रोज दिसायचं.

पादऱ्याहून येणारी एक बाई होती. पहाटे घर सोडायची. डब्यासोबत पाण्याची बाटली असायची आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली परत जायची. मे महिन्यात, बडोद्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, मी तिला एकदा म्हटलं, अगं, घोटभर तरी पी. ती म्हणाली, "पीउं तो जवुं पडे ने, बेन." प्यायलं तर जावं लागेल. पुढे तिला थंडी वाजून ताप आला. लघवीच्या मार्गाला संसर्ग झाला होता. तीन आठवडे घरी पडून होती. हजेरीपटावर तिचे ते दिवस बिनपगारी मांडले ते माझ्याच हातानं. मला कारण माहीत होतं आणि मी कुणाला एक शब्द बोलले नाही. ते मला अजून बोचतं, म्हणून तुला आधीच सांगते आहे.

आमच्या खोलीबाहेर भिंतीवर 1948 च्या कारखाना कायद्याचा गोषवारा काचेत लावलेला होता, इंग्रजीत आणि गुजरातीत. पिण्याचं पाणी हवं आणि ती जागा मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती. उभ्यानं काम करणाऱ्याला सवड मिळेल तेव्हा टेकायची सोय. आमच्याकडे हे सगळं होतं बरं का. संडास होते, स्वच्छ होते, कूलर होता. तपासणीला कुणी आलं असतं तर त्याला बोट ठेवायला जागा सापडली नसती. फक्त तिथपर्यंत जायला एका माणसाच्या टेबलापुढे उभं राहावं लागायचं, आणि तेवढ्यानं ती सगळी सोय असून नसल्यासारखी झाली होती.

तू रोज बडोद्याचा काळा घोडा चौक ओलांडून जातोस. शेजारी कमाटी बाग. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीत आले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेला माणूस. कचेरीत त्यांना पिण्याचं पाणी मिळत नसे, शिपाई फायली लांबून टाकत, असं त्यांच्या चरित्रांत आहे. राहायला कुणी जागा देईना, म्हणून नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. दोन स्नेह्यांकडे विचारून पाहिलं, दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

पगार होता, हुद्दा होता, खुद्द महाराजांचा आधार होता. पाणी आणि छप्पर तेवढं दुसऱ्याच्या मर्जीवर होतं. दहा वर्षांनी महाडच्या तळ्यावर ते गेले तेव्हा मागणी पाण्याचीच होती, आणि ती कुणाच्या परवानगीनं पिण्याची नव्हती. आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. 1946 साली कायम चालणाऱ्या कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला, त्या विधेयकाच्या वेळी देशाचं मजूर खातं त्यांच्याकडे होतं. तुझी आठ तासांची शिफ्ट अशी आलेली आहे.

तू म्हणशील, मावशी, काही जण खरंच टाइमपास करतात. करतात. दोन-चार असतातच. त्यांना सुपरवायझर नावानिशी ओळखतो, त्यांच्याशी बाजूला घेऊन बोल. त्यांच्यासाठी बाकीच्या तीस जणांनी लाजून पाणी सोडायचं, हे मला पटत नाही.

खरी अडचण वेगळी असते. पट्टा चालू असताना एक जण उठला की माल साचतो, म्हणून उठणाऱ्याचा राग येतो. आमच्याकडे पुढे जो सुपरवायझर आला त्यानं पहिल्याच आठवड्यात बिल्ले खणात टाकले आणि दर बारा बायकांमागे एक बदली बाई ठेवली. जिला जायचं तिनं बदलीला खूण करायची आणि उठायचं. विचारायचं कुणालाच नाही. खाडे कमी झाले ते मला हजेरीपटावर स्वच्छ दिसले. पादऱ्याची बाटली संध्याकाळी रिकामी जाऊ लागली.

तेव्हा साहेबांकडे "नाही" घेऊन जाऊ नकोस, बदली माणसाचा हिशेब घेऊन जा. तरी ऐकलं नाही आणि रजिस्टर ठेवावंच लागलं, तर पहिल्या ओळीत तुझं नाव घाल आणि साहेबांनाही त्यांचं नाव घालायला सांग.

एकदा हे दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं. कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या मुली. त्यांना बसायचा हक्क मिळावा म्हणून केरळला 2018 साली आणि तमिळनाडूला 2021 साली कायद्यात बदल करावा लागला. आपल्या सोसायटीचा वॉचमन बारा तास गेटवर असतो, तो कुठे जातो हे मी सहा वर्षं विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात विचारलं. चौकातल्या पेट्रोल पंपावर, म्हणाला. आता खालच्या मजल्यावरच्या क्लबरूमची चावी त्याच्याकडे असते. त्यासाठी मला दोन मीटिंगा भांडावं लागलं.

सोमवारी गेलास की शेवटच्या टेबलापासून बाथरूमपर्यंत स्वतः चालून बघ. जायला-यायला किती मिनिटं लागतात, वाटेत कुणाकुणाच्या नजरेखालून जावं लागतं, ते मला लिही. हिशेब मांडायला मी बसते तुझ्याबरोबर.

आईला सांग, कोकम पोचलं.

तुझी,
मावशी