मॅडिसनच्या (विस्कॉन्सिन) आसपास गोल्फ खेळायला चांगले कोर्स कोणते? म्युनिसिपल कोर्सवर वेळ घालवण्यात अर्थ आहे का?

तुम्ही नुकतेच मॅडिसनला आलाय, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २० च्या आसपास आहे आणि गाडीने दोन तासांच्या आतले कोर्स हवेत, एवढं कळलं. पण मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. अर्थ आहे. भरपूर आहे. १५ वर्षं इथे खेळतोय आणि माझा सगळ्यात लाडका कोर्स आजही ओडाना हिल्स आहे. शहराचा, १८ होल्सचा, हिवाळ्यात जिथे लोक स्की घालून फिरतात तो.

२०१८ च्या उन्हाळ्यात माझे वडील, अण्णा, पहिल्यांदा इकडे आले. फलटणला पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी नीरा उजव्या कालव्याच्या कडेने, बरीचशी सायकलवर आणि पायी. माझा साडू मिलवॉकीकडे असतो, तिथल्या एका खासगी क्लबचा सभासद आहे. त्याने मोठ्या हौसेने आम्हाला बोलावलं. तिथे गेल्यावर कळलं की त्या दिवशी कार्टशिवाय, म्हणजे कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीशिवाय, कोर्सवर जाता येत नाही, आणि कार्टमध्ये फक्त खेळणारे बसणार. अण्णा साडेचार तास क्लबहाउसच्या व्हरांड्यात बसून राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. परत आलो तेव्हा त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास तसाच भरलेला होता. एका शब्दाने बोलले नाहीत. गाडीत साडूला म्हणालो, पुढच्या वेळी ओडानाला जाऊ, तिथे अण्णांना चालता येईल. तर तो म्हणाला, “अरे, पब्लिक कोर्सवर खेळणं म्हणजे एसटीने प्रवास करणं.” मागच्या सीटवर अण्णा होते. त्यांचं अर्धं आयुष्य एसटीत गेलंय.

पुढच्या मंगळवारी सकाळी त्यांना ओडानाला घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, वडील नुसते बरोबर चालले तर चालेल का? त्या म्हणाल्या, खुशाल. अण्णांनी पुशकार्ट (काठ्यांची ढकलगाडी) स्वतःच्या हातात घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

पहिले तीन होल गप्प होते. चौथ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मी साधारण १५ फुटांच्या पटसाठी, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळत नेणाऱ्या फटक्यासाठी, उभा राहिलो. चेंडू उजवीकडे वळेल असं मला दिसत होतं. अण्णा ग्रीनच्या कडेला उकिडवे बसले, गवतावर तळवा टेकला आणि म्हणाले, “हितं पाणी सोडलं तर डाव्या अंगाला जाईल.” मी ऐकलं नाही. चेंडू डावीकडे वळून दोन फूट लांब गेला. मग त्यांनी मला उठवून खालच्या बाजूला नेलं. “उतार वरनं बघायचा नसतो. वरनं सगळं सपाट दिसतं. खाली येऊन बस, मग पोट, म्हंजे खोलगट भाग, कुठंय ते कळतं.” माझ्या डोळ्यांना मागच्या टेकडीने फसवलं होतं. कालव्यातही तसंच होतं म्हणाले. बाजूला चढ असला की पाणी उलटं चढतंय असं वाटतं, म्हणून नवा पाटकरी चुकतो.

त्यानंतर प्रत्येक ग्रीनवर त्यांना विचारून खेळलो. मला एरवी ३८ पट लागतात, त्या दिवशी ३१ लागले. शिकवणीवर मी बरेच डॉलर घालवलेत, पण खालच्या बाजूला जाऊन बस, हे कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. तुम्हीही करून बघा, २० च्या हँडिकॅपला याने जेवढा फरक पडेल तेवढा नव्या ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) पडणार नाही.

आता बाकीचे कोर्स. युनिव्हर्सिटी रिज तुम्ही ऐकलाच असेल. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियरने आखलेला, १९९१ चा, पहिले नऊ मोकळ्या माळावर आणि पुढचे नऊ झाडीत. चांगला आहे, एकदा जरूर खेळा. शहराच्या ९ होल्सच्या ग्लेनवेचा कायापालट करून २०२२ मध्ये ‘द ग्लेन’ नावाने तो पुन्हा उघडला. त्यासाठी पुढाकार आणि पैसा सँड व्हॅलीवाल्या मायकल कायझर आणि त्यांच्या पत्नी जोसलिन यांचा. एवढे मोठे रिसॉर्ट चालवणाऱ्यांना शहराचा ९ होल्सचा कोर्स मोलाचा वाटला, साडूला वाटत नाही. याहारा हिल्सला ३६ होल्स होते, त्यातली बरीच जमीन डेन काउंटीने कचरा डेपोसाठी घेतली. तेव्हा जे आहे ते खेळून घ्या.

शहराबाहेर एकच जागा निवडायची तर ग्रीन लेकचा लॉसोनिया, त्यातला लिंक्स कोर्स. लँगफर्ड आणि मोरो या जोडीने १९३० मध्ये बांधलेला. ग्रीन इतके उंच उचललेले की खाली उभं राहिलं तर झेंड्याचं टोक तेवढं दिसतं. सातव्या होलच्या ग्रीनखाली रेल्वेची मालगाडीची वाघीण पुरली आहे असं सगळे सांगतात. अण्णांना तिथेही नेलं होतं. त्यांनी त्या उभ्या बांधाकडे बघून एवढंच विचारलं, “मग दगडाचं पिचिंग केल्याशिवाय माती टिकली कशी?” गवताची मुळं उपटून बघण्यापासून त्यांना मोठ्या मुश्किलीने थांबवलं.

आणि कार्टचं म्हणाल, तर कार्ट घेऊ नका. चालत खेळणं गरिबांचं काम, हे साडूचं दुसरं पालुपद. एरिन हिल्स, जिथे २०१७ ची गोल्फची यू.एस. ओपन ब्रूक्स केप्काने जिंकली, तिथे चालतच खेळतात. सँड व्हॅलीला चालतच. व्हिसलिंग स्ट्रेट्सच्या ज्या कोर्सवर २०२१ चा रायडर कप (अमेरिका विरुद्ध युरोप) झाला, त्या स्ट्रेट्स कोर्सवरही चालतच. राज्यातले सगळ्यात महागडे कोर्स पायीच खेळायचे आहेत. हे मी त्याला तीन दिवाळ्या सांगतोय. तुम्ही तरी लक्षात ठेवा.

गुडघ्याचा त्रास असेल तर अर्थातच वेगळं, कार्ट घ्या, लाजू नका. ओडानाला शनिवारी सकाळी पाच-पाच तास लागतात, म्हणून आठवड्यात संध्याकाळी जा. मोठ्या पावसानंतर दोन दिवस तिकडे फिरकू नका, चिखल होतो. लॉसोनियाला उंच गवतात चेंडू शोधायला शिरलात तर मोजे वर ओढा, गोचिडी असतात. आणि आई-वडील येणार असतील तर आधी फोन करून ‘एक जण नुसता बरोबर चालणार आहे’ एवढं विचारून घ्या. ओडानाला मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.