रविवार ते रविवार : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपविषयी ओघात दोन वाक्ये लिहिली होती. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचा सगळा स्तंभ त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. नावे अर्थातच काढली आहेत.

प्रभूमध्ये सलाम. मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा सचिव आहे. आमचा एकच मोठा ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसे. सकाळपासून फुलांची चित्रे, त्यांवर वचने, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुठून कुठून आलेले व्हिडिओ. मागे एका काकांनी स्वतःच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना मागितली आणि तो निरोप शुभेच्छांच्या खाली गडप झाला. एकानेही उत्तर दिले नाही. पाळकसाहेब म्हणतात, ग्रुपच बंद करा. तुम्हाला काय वाटते?

सलाम बंधू. बंद करू नका, वाटून टाका. सूचना, प्रार्थना आणि गप्पा एकाच ठिकाणी आल्या की सगळ्यात हळू आवाजाचा माणूस आधी दबतो. तुमच्या काकांचे तेच झाले.

सूचनांचे काम सोपे आहे. मोठा ग्रुप तेवढ्यापुरता ठेवा आणि सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येईल असे करा. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर 'कम्युनिटी'ची सोय आहे, तिच्यात एका सूचना-ग्रुपखाली बाकीचे छोटे ग्रुप जोडता येतात. एका संध्याकाळचे काम आहे, त्यावर मीटिंगा घेत बसू नका.

खरा विचार करायचा तो प्रार्थनेचा. त्यासाठी तुम्हाला १७४२ सालात नेते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. सभेत एकाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळांना तेवढीही परवडत नाही. तेव्हा पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, त्यांना जमले नाही तर त्यांचेही मी भरीन. असे बारा-बारांचे गट पडले आणि गटप्रमुख पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले. जाता जाता त्यांना दिसू लागले की या घरात नवरा-बायकोचे भांडण आहे, तो अमका दारू प्यायलेला सापडला. वेस्लींच्या लगेच लक्षात आले की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. पुढे हे गट आठवड्यातून एकदा एकत्र जमू लागले आणि कर्ज फेडण्यासाठी काढलेली युक्ती मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा झाली.

तुम्हीही दोनशे माणसे बारा-पंधराच्या गटांत वाटा. शक्यतो जवळपास राहणारी एकत्र घ्या, पण वये मिसळा. तरुणांचा वेगळा, म्हाताऱ्यांचा वेगळा असे करू नका. प्रत्येक गटाला एक प्रमुख द्या. त्याला फोनमधले सगळे कळले नाही तरी चालेल, माणसांची नावे आणि त्यांच्या घरचे विषय लक्षात राहिले पाहिजेत. उपासनेला कोण दिसले नाही हे त्याने रविवारीच पाहून ठेवावे आणि सोमवारी त्या माणसाला फोन करावा. निरोप टाकू नये, बोलावे. आठवड्याच्या मध्यावर उपदेशावरचा एक प्रश्न ग्रुपवर टाकावा. 'उपदेश कसा वाटला' असे विचारले की 'छान' एवढेच येते. उपदेश क्षमेवर झाला असेल तर विचारावे, 'क्षमा मागणे जड जाते की करणे?' मग पाहा, एरवी कधी न लिहिणारी माणसे लिहितात.

आणि शनिवारी न चुकता एक गोष्ट करावी. आठवडाभर ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांचे काय झाले ते सांगावे. मोबाइल येण्याआधी मी आमच्या मंडळीची टेलिफोनवरची प्रार्थना-साखळी सांभाळत असे. पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि शेवटच्या बाईने उलट पहिलीला फोन करून निरोप काय पोचला ते सांगायचे. त्यामुळे साखळी कुठे तुटली की नाही ते कळायचे, आणि मधेच निरोपाचे भलतेच काही झाले असेल तर तेही. ग्रुपमध्ये हा परतीचा फोन नसतो. ऑपरेशन कसे झाले, नोकरीचे उत्तर आले का, हे कुणी सांगत नाही, आणि प्रार्थना करणाऱ्याला आपण कशासाठी हात जोडले होते तेही आठवेनासे होते.

त्या काकांसारखी विनंती आली तर 'आमेन' लिहायला माझी ना नाही, पण लिहिण्याआधी खरोखर प्रार्थना करा. त्याहून चांगले म्हणजे त्यांचे नाव घेऊन अर्ध्या मिनिटाची प्रार्थना व्हॉइस मेसेजने पाठवा. हॉस्पिटलात रात्री झोप लागत नाही तेव्हा माणूस ती पुन्हा पुन्हा ऐकतो. हे मला एकाहून अधिक जणांनी सांगितले आहे.

राहिली फुलांची चित्रे. त्यांच्यासाठी एक मोकळा ग्रुप ठेवा आणि ती पाठवणाऱ्यांना हिणवू नका. रोज पहाटे न चुकता चित्र पाठवणारे पुष्कळदा एकटे राहणारे, वय झालेले कुणीतरी असते. 'मी उठलो आहे, मी आहे' एवढेच त्यांना सांगायचे असते. ज्या सकाळी त्यांचे चित्र येणार नाही त्या सकाळी गटप्रमुखाने त्यांचे दार वाजवावे.

मला एक आजार निघाला. मी तो फक्त आमच्या प्रार्थनागटातल्या एका बहिणीला सांगितला होता. तिने मायेपोटीच मंडळीच्या ग्रुपवर आजाराच्या नावासकट प्रार्थनेची विनंती टाकली. तिथून ती दुसऱ्या मंडळीत गेली, माझ्या ऑफिसातल्या एका बाईपर्यंत पोचली. आता मी उपासनेला गेले की लोक माझ्याकडे बघतात ते आजाराकडे बघितल्यासारखे. बोलले तर त्या बहिणीला वाईट वाटेल. काय करू?

ताई, तुमचे पत्र वाचून फार वाईट वाटले. तिला वाईट वाटले तरी तुम्ही बोलाच. दोघीच असताना, शांतपणे. 'तू प्रेमाने केलेस हे मला कळते, पण सांगायचे की नाही हे ठरवणे माझे होते,' एवढे पुरे. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तिचा हात थांबेल.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याविषयी लिहिले आहे, ते मंडळीतल्या प्रत्येकाने पुन्हा वाचावे. तिथे आजारी माणसाने स्वतः मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, बोलवावे असे म्हटले आहे. सुरुवात त्याच्याकडून होते. आपल्या ग्रुपवर नेमकी उलट चाल पडली आहे.

तुमच्या पाळकांना हा स्तंभ दाखवा आणि मंडळीत नियमच करून घ्या. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचे, आणि 'ग्रुपवर टाकू का' असे स्पष्ट विचारायचे, कारण प्रार्थना करायला हो म्हणणे वेगळे आणि ग्रुपवर टाकायला हो म्हणणे वेगळे. आजाराचे नाव, हॉस्पिटलचे नाव, खाटेवरचा फोटो टाकायचा नाही. 'आपल्या एका भगिनीला उपचारांच्या काळात बळ मिळावे' एवढ्याने प्रार्थना पूर्ण होते. देवाला रिपोर्ट दाखवावा लागत नाही. मुलांच्या आजाराबद्दल, घटस्फोटाबद्दल, व्यसनाबद्दल तर दुप्पट जपायला हवे. आपोआप पुसले जाणारे निरोप असतात, त्यांच्यावरही विसंबू नका. चोवीस तासांत, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत ते जातात खरे, पण त्याआधी स्क्रीनशॉट काढायला एक क्षण लागतो.

तुमच्यासाठी मी प्रार्थना करते आहे, ताई. तुमचे पत्र माझ्यापाशीच राहील.

आमच्या मंडळीत निम्मे ज्येष्ठ आहेत. काहींकडे साधे फोन आहेत, काहींना डोळ्यांनी दिसत नाही. सगळे निरोप ग्रुपवर जातात. एका आजींना मैत्रिणीच्या अंत्यविधीची बातमी दोन दिवसांनी कळली. वडील मंडळ म्हणते, आता काळच असा आहे.

'काळच असा आहे' हे उत्तर मंडळीच्या तोंडी शोभत नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडा. यरुशलेममध्ये मंडळी झपाट्याने वाढत होती आणि रोजच्या अन्नाच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा राहून जात होत्या. प्रेषितांनी 'वाढ झाली की असे व्हायचेच' म्हणून सोडून दिले नाही. सात माणसे त्याच कामासाठी नेमली. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची सगळी नावे वाचा, सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्याकडची माणसे राहून जात होती, बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हाती वाटणी दिली.

तुम्हीही तसेच करा. ग्रुपवर नसलेल्यांची यादी करा, आणि ती यादी सांभाळायला स्मार्टफोन न वापरणाऱ्या दोघा-तिघा ज्येष्ठांनाच बसवा. कोण कुठे राहते, कुणाला दुपारी फोन चालतो, कुणाला ऐकू कमी येते, हे त्यांना ठाऊक असते. प्रत्येक नावामागे एक तरुण जोडा. मृत्यूची बातमी, उपासनेच्या वेळेतला बदल आणि आजारपण, या गोष्टी ग्रुपवर जाण्याआधी त्या यादीला फोनवर कळल्या पाहिजेत. आधी, नंतर नव्हे. साध्या फोनवरूनही कॉन्फरन्स कॉल लागतो, चार-पाच आज्या-आजोबा एकाच वेळी स्तोत्र ऐकू शकतात आणि प्रार्थना करू शकतात. त्या आजींकडे वडील मंडळातल्या कुणी जाऊन आले आहे का? नसेल तर या आठवड्यात जा.

उपासना लाइव्ह दाखवायला लागल्यापासून काही धडधाकट माणसे घरूनच बघतात. बंद करावे का?

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, रात्रपाळी करणाऱ्यांसाठी, परगावी गेलेल्यांसाठी चालू ठेवा. २०२० मध्ये चर्चची दारे बंद होती तेव्हा याच कॅमेऱ्याने मंडळ्यांना धरून ठेवले, ते विसरू नये. पण योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट मला नेहमी आठवतो. लिहायचे पुष्कळ आहे, पण कागद आणि शाईने नको, तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलायची आशा आहे, असे तो म्हणतो. पत्र लिहीत असतानाच त्याला भेटीची ओढ आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशासाठी इफिसकरांस पत्रातले 'आपण एकमेकांचे अवयव आहोत' हे वचन घेतले होते. मंडळीने नेटवरून आपली कामे जुळवावीत आणि मग एकत्र येऊन ख्रिस्तप्रसाद (आपल्या भाषेत प्रभुभोजन) साजरा करावा, तेव्हाच ते साधन कामाचे, असा त्यांचा सूर होता. मी प्रोटेस्टंट आहे, पण हे मला शंभर टक्के पटते.

घरून बघणाऱ्या धडधाकटांना टोमणे मारू नका. त्यांना काम द्या. दारात उभे राहून स्वागत करायचे काम दिलेला माणूस घरून बघू शकत नाही. आणि कॅमेरा व्यासपीठाकडे ठेवा, बसलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर नको. सगळ्यांनाच जगाला दिसायचे नसते.

रविवारच्या शाळेतल्या मुलांचा ग्रुप काढायचा आहे. मुले बारा ते पंधरा वर्षांची आहेत.

व्हॉट्सॲपची किमान वयोमर्यादा तेरा वर्षे आहे, म्हणून बारा वर्षांच्यांसाठी निरोप पालकांच्या फोनवर पाठवा. बाकीच्यांचा ग्रुप पालकांच्या लेखी संमतीनेच काढा. त्यात कायम दोन प्रौढ असावेत, दोघे एका घरातले नसावेत. कुठल्याही शिक्षकाने मुलाला एकट्याला खासगी निरोप पाठवायचा नाही, आणि मुलाने पाठवला तर दुसऱ्या प्रौढाला त्यात घेऊनच उत्तर द्यायचे. तुम्ही कितीही चांगल्या असाल तरी हे पाळा. तुमच्यानंतर येणारा शिक्षक कसा असेल ते आज कुणाला ठाऊक नाही, पण पाळलेली पद्धत मागे राहते. मुलाने घरात मारहाण किंवा कुणी त्रास देत असल्याचे लिहिले तर ते गुपित ठेवायचे वचन देऊ नका. त्याच दिवशी पाळकांशी बोला आणि बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्यांपर्यंत ते पोचवा.

ग्रुपवर मंडळीच्या हिशेबावरून दोघांचे जोरात वाजले. मी ॲडमिन आहे. दोघांनाही काढून टाकू का?

काढू नका. त्या रात्रीपुरता ग्रुपला लिहिण्याचे कुलूप लावा आणि 'हा विषय समोरासमोर बोलू' एवढेच लिहा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम आहे: आधी दोघांनी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. ग्रुपवर तो क्रम उलटा झाला, थेट मंडळीपासून सुरू झाला. दोघांना वेगवेगळा फोन करा आणि दोन दिवसांच्या आत एकत्र बसवा, हिशेबाच्या वह्या समोर ठेवून. हिशेबाचा प्रश्न खरा असेल तर तो भांडण मिटले म्हणून दाबू नका, खजिनदारांनी पुढच्या सभेत आकडे वाचून दाखवावेत. शब्द सगळ्यांसमोर गेले होते, तेव्हा दोघांनी आपापली एक ओळ सगळ्यांसमोरच लिहावी. ती आली की कुलूप काढा.